होकार

"उखर्डू शंकर," वृषालीने तिसऱ्यांदा नाव पुकारलं. बाकांवर पंधरा-वीस माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला बसली होती. सकाळचे नऊ वाजले नव्हते, तरी जळगावचं मेमधलं ऊन लॅबच्या काचेच्या दारातून आत शिरून पहिल्या बाकापर्यंत आलं होतं. अगदी समोर पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा तिच्याकडेच बघत बसला होता. मांडीवर फाईल, आणि फाईलवर मोठ्या अक्षरात उखर्डू शंकर. तिचा पारा चढला. "ओ बाबा, बहिरे आहात का?" म्हातारा प्रसन्नपणे हसला आणि त्याने होकारार्थी मान हलवली. बाकावरचे दोन-तीन लोक हसले. वृषालीच्या हातातली पावती खाली पडली. ती उचलायला वाकली आणि काउंटरच्या मागेच बसून राहिली. डोळ्यांसमोर म्हातारा नव्हताच. तेच हसू, हनुवटी किंचित वर नेऊन हळूच खाली आणलेली तीच मान, साठ दिवसांपूर्वी पोलीस ठाण्यात हलली होती. उद्या, गुरुवारी, ती न्यायाधीशांसमोर हलणार होती. "मॅडम, बरं वाटत नाही का?" रक्त काढणाऱ्या पुनमने विचारलं. वृषाली उठली, म्हाताऱ्याजवळ गेली, त्याच्या दंडाला धरून त्याला आत नेलं आणि सगळा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने दोनदा आणखी मान हलवली. पुनमने त्याला काहीच विचारलं नव्हतं.

संघपालला, तिच्या धाकट्या भावाला, उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि डाव्या कानाने मशीन लावल्यावर येतं. मशीनमध्ये शर्टाच्या बटणापेक्षा लहान एक सेल बसतो. त्यावरचा नारिंगी कागद काढायचा, मिनिटभर थांबायचं, मग तो आत बसवायचा. एक सेल नऊ-दहा दिवस चालतो. अटक झाली तेव्हा त्याच्या कानातला सेल नवा होता. म्हणजे दहाव्या-अकराव्या दिवसापासून तो बहिरा आहे, हा हिशोब तिने घरी बसून केला होता. तो आशोद्याला आईबरोबर राहायचा आणि जवळच्या केळी पिकवण्याच्या कोठारात वीजकाम करायचा. मार्चमध्ये कोणीतरी ते कोठार फोडलं, तांब्याची केबल नेली, राखणदाराच्या डोक्यात पाना घातला. राखणदार वाचला, पण त्याने कोणाचं तोंड पाहिलं नव्हतं. पोलिसांनी कामावरच्या चौघांना उचललं. दिवसभर सगळे एकदम ओरडत होते, आणि असं सगळे एकदम बोलायला लागले की मशीन असूनही त्याला फक्त गोंगाट ऐकू येतो. तू होतास ना, असं कुणीतरी विचारलं असणार. कुठून नेली केबल, इथून? असंही विचारलं असणार. त्याने मान हलवली. कागदावर लिहिलं गेलं की आरोपीने स्वखुशीने जागा दाखवली. त्या कागदामुळे जामीनही पहिल्या वेळी फेटाळला गेला.

जेल पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या वाटेवर, बाभूळफाटा नावाच्या थांब्यावर होतं. एसटीतून उतरलं की दीड किलोमीटर चालायचं, एकही झाड नाही. पहिल्यांदा ती तिथे गेली तेव्हा पर्समध्ये सहा सेलचं कार्ड होतं आणि कानाच्या डॉक्टरांचा जुना कागद होता. खिडकीतला माणूस वाईट नव्हता, हेच तिला नंतर जास्त छळत राहिलं. त्याने पाणी विचारलं, बसायला सांगितलं, आणि कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "बॅटरी निषिद्ध वस्तू आहे, ताई."

"शर्टाच्या बटणाएवढी आहे हो."

"आकाराचा प्रश्न नाही. अर्ज करा. साहेब बघतील."

तिने अर्ज केला. पुढच्या आठवड्यात विचारलं तर अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात साहेब नाशिकला मीटिंगला होते. मग सांगितलं, जेलच्या डॉक्टरांची शिफारस लागेल, आणि डॉक्टरांना कैद्याने स्वतः सांगायचं असतं. मग तिने कोर्टात अर्ज दिला, कोर्टाने एका ओळीचा आदेश दिला, कारागृह नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी. ती आदेश घेऊन धावत खिडकीशी गेली. खिडकीतल्या माणसाने तो वाचला आणि म्हणाला, "म्हणजे नियमानुसारच. आम्ही तेच करतोय ना." शेवटी तेविसाव्या दिवशी घरी लेखी उत्तर आलं. सदर बंद्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांसमक्ष विचारणा केली असता त्याने कोणतीही तक्रार नसल्याचे मान हलवून सांगितले आहे. हे वाक्य तिने इतक्या वेळा वाचलं होतं की लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करताना एकदा बोटांनी तेच लिहून टाकलं होतं.

तोंडाने का नाही सांगत तो, असं खिडकीतल्या माणसाने एकदा खरोखरच्या कुतूहलाने विचारलं होतं. बोलता तर येतं ना त्याला? येतं. वृषालीशी तो तासन्‌तास बोलतो, मोटारी, वायरिंग, आईचे गुडघे, कुठलंही. पण खाकी कपडा दिसला, टेबलामागे बसलेला माणूस दिसला, की तो सहा वर्षांचा होतो. एकदा त्याने एका शिपायाला सांगितलंही होतं, मला ऐकू येत नाही साहेब. शिपायाने त्याच्या पाठीमागे फरशीवर थाळी आपटली. पायाखालची फरशी हादरली म्हणून हा वळला. "नाटक करतो," शिपाई म्हणाला, आणि त्यानंतर बराकीत त्याचं नाव नाटक्या पडलं.

ही गोष्ट त्याने काल, मंगळवारी, मुलाकतीत, म्हणजे जेलमधल्या भेटीत, सांगितली. मुलाकतीच्या खोलीत मध्ये काच आहे आणि दोन्ही बाजूंना टेलिफोनचा रिसीव्हर. बहिऱ्या माणसाच्या हातात रिसीव्हर देतात आणि वीस मिनिटं देतात. त्याचं बोलणं तिला स्वच्छ ऐकू येतं, तिचं त्याला काहीच जात नाही. आईचे ओठ तो बरे वाचतो. आई सोनगीरकडची, घरात तिचीच अहिराणी, आणि लहानपणापासून त्या तोंडाकडे बघूनच तो भाषा शिकला. पण आईला उन्हात एवढं चालवत नाही. आणि काचेवर इतके ओरखडे आहेत, वरच्या ट्यूबचा इतका उजेड पडतो की समोरच्याच्या तोंडाच्या जागी पांढरा पट्टाच दिसतो. काल त्याच्या डाव्या गालावर कानापर्यंत निळसर सूज होती. तो सहज सांगावं तसं सांगत होता, "गिनतीमा नाव ऐकू येत नही व अक्का. दोन दिन हजेरी चुकनी. मंग..." आणि त्याने हात हवेत फिरवून दाखवला. मग हसला. ती रडली तर तिची वीस मिनिटं वाया जाणार होती, म्हणून ती रडली नाही. तिने पर्समधून कागद काढून काचेला लावला. त्यावर तिने लॅबच्या जाड पेनने लिहिलं होतं, गुरुवारी मान हलवू नको. तो वाचायला पुढे झाला तेवढ्यात मागच्या शिपायाने येऊन कागद ओढून घेतला. चिठ्ठी चालत नाही, ताई, मुलाकत बंद होईल. मग तिने रिसीव्हर खाली ठेवला, काचेच्या इतक्या जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला, आणि प्रत्येक अक्षर सुटं सुटं करून तोंडाने म्हटलं, गुरु-वारी. मान. हल-वू. नको.

संघपालने तिच्याकडे नीट, मनापासून पाहिलं. आणि मान हलवली.

एसटीत परत येताना ती खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसली होती आणि कपाळाला गज भाजत होता तरी तिने डोकं काढलं नाही. एरंडोल गेलं तेव्हा आईचा फोन आला. रोज एकच प्रश्न. "दिन्हात का सेल? त्याले ऐकू येस का आते?" रोज वृषाली काही ना काही सांगायची, साहेब बघणार आहेत, पुढच्या आठवड्यात देणार आहेत. काल तिच्या तोंडून निघालं, "आई, त्याने खरंच केलं असेल का गं?"  आई म्हणाली, "मी ते विचारस नही. तू बी विचारू नको." पण वृषालीने विचारलं होतं. अगदी पहिल्या मुलाकतीत, बाराव्या दिवशी, त्या रिसीव्हरमध्ये. सेल संपला असेल हे माहीत असूनही आधी तेच बाहेर पडलं. संघू, तू होतास का तिथे? आणि काचेमागे मान हलली होती, तीच, हनुवटी वर आणि हळूच खाली. ती तेव्हाच समजली होती की त्याला काही ऐकू आलेलं नाही. तरी त्या दिवसापासून ती हलणारी मान तिच्यात कुठेतरी बसून होती. अर्ज लिहिताना, बसची वाट पाहताना, वकिलाला तो निर्दोष आहे असं ठासून सांगताना ती मान एकदा हलून जायची, आणि वृषालीचा आवाज आणखी चढायचा.

त्या मानेचं आणखी एक होतं, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. चार वर्षांचा असताना संघपालला बोदवडला मावशीकडे ताप आला, आठ दिवस सुया टोचल्या, ताप गेला आणि कान गेले. मोठ्यांच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. शाळेत मास्तर विचारायचे, समजलं का रे? हा नुसता बघत राहायचा, आणि मास्तर पट्टी घ्यायचे. वृषाली पाचवीत होती, तो पहिलीत. व्हरांड्यातून तिला त्याच्या वर्गातलं दिसायचं. एका दुपारी शाळेच्या मागे, लिंबाखाली, तिने त्याची हनुवटी दोन बोटांत धरली, वर केली आणि खाली आणली. असं करायचं. कुणी काही बोललं, समजलं नाही, तरी असंच करायचं. आणि हसायचं. मग मारत नाहीत. त्याने ते करून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच मार थांबला. मास्तर त्यांच्या वडिलांना, आबांना, भेटल्यावर म्हणाले, पोरगा सुधारला हो पितांबरभाऊ. आबांनी त्या दिवशी दोघांना भेळ आणली. आबा आता नाहीत. ते असते तर तिने त्यांना तरी सांगितलं असतं का? बहुतेक नाही. दहा वर्षांच्या मुलीला काय कळणार होतं, असं ती स्वतःला सांगायची, आणि बोटांना त्या हनुवटीचा गरम मऊपणा जाणवायचा.

गुरुवारी तिने लॅबमधून सुट्टी घेतली. कोर्टाच्या आवारात ती साडेदहालाच पोचली. मोफत मदतीच्या वकील सुलक्षणाताई तिला जिन्यात भेटल्या. बाई चांगली होती, फक्त तिच्याकडे फार माणसं होती. "आज आरोप वाचून दाखवतील. गुन्हा कबूल आहे का विचारतील. मी सांगते कोर्टाला त्याच्या कानाचं. काळजी करू नका." वृषालीने विचारलं, "आणि त्याने आधीच मान हलवली तर?" सुलक्षणाताई थांबल्या. "तर अवघड होईल," त्या म्हणाल्या, आणि मोबाईल वाजला म्हणून वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या कोर्टात गेल्या. पाच मिनिटांत येते म्हणाल्या.

पाऊण तासाने शिरस्तेदाराने पुकारा केला तेव्हा त्या आलेल्या नव्हत्या. जेलशी जोडलेला भिंतीवरचा टीव्ही लागला. आधी एक रिकामी खुर्ची दिसली, मग संघपाल. कुणीतरी त्याला खांद्याने दाबून बसवलं. त्याने केस पाण्याने चापून बसवले होते. न्यायाधीश फाईल बघत वाचू लागले, त्यांचं तोंड फाईलच्या आड होतं. कलम अमुक, दिनांक अमुक, गृहभेदन, गंभीर दुखापत. वृषाली मागच्या बाकावर होती.  अजून वाचतायत. अजून वाचतायत. सुलक्षणाताई, या ना. पंख्याखाली कागद फडफडत होते. पडद्यावरचा संघपाल कॅमेऱ्याऐवजी जरा खाली, कुठल्यातरी आवडत्या वस्तूकडे बघावं तसा बघत होता, आणि त्याच्या ओठांवर ते हसू येऊ लागलं होतं. आता कुणीतरी विचारणार, हे त्याला हवेतून कळतं. न्यायाधीशांनी फाईल खाली ठेवली, वर पाहिलं.

"साहेब, त्याला ऐकू येत नाही!"

आवाज कुणाचा, हे तिलाही क्षणभर कळलं नाही. ती उभी होती. सगळे तिच्याकडे वळले होते. शिपाई पुढे आला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"बहीण आहे मी त्याची. वृषाली."

"तुमचे वकील?"

"वरच्या कोर्टात आहेत. साहेब, दीड महिन्यापेक्षा जास्त झाला, त्याच्या कानाच्या मशीनला सेल नाही. पाच अर्ज दिलेत मी."

न्यायाधीश पडद्याकडे वळले. "जेलकडून कोण आहे तिकडे? आरोपीला ऐकू येत नाही का?" पडद्याच्या कडेने एक खाकी खांदा आत आला. "येतं साहेब. सगळं समजतं त्याला." न्यायाधीश म्हणाले, "आरोपी, मी काय म्हणतोय ते ऐकू येतंय का?" खाकी खांद्याने संघपालला कोपराने ढोसलं. संघपालने हसून मान हलवली.

"ऐकतोय तो, बाई. बसा खाली."

कोणीतरी हसलं. बसायला हवं होतं. पाय बसायच्या तयारीत वाकलेही होते. पण खाली बसलं तर पुढचा प्रश्न विचारला जाईल, त्याचंही उत्तर हेच येईल आणि ते लिहिलं जाईल, मग ते कधीच खोडता येणार नाही. एवढं एकच तिला दिसत होतं. "साहेब, त्याला दुसरं काहीतरी विचारा," ती म्हणाली.  "त्याला विचारा, तुझी बहीण मेली का?"

 शिपाई तिच्या कोपराशी येऊन थांबला होता, त्याने हात लावला नाही. न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं, नंतर पडद्याकडे. मग त्यांनी माइक जवळ ओढला, आणि त्यांच्या आवाजात मघाशी नसलेली अडखळ होती. "संघपाल पितांबर. तुमची बहीण वृषाली वारली, हे खरं आहे का?"

पडद्यावर कोपर पुन्हा ढोसलं गेलं. संघपालची हनुवटी वर गेली, आणि हळूच खाली आली. तो हसत होता, सुधारलेल्या पोराचं हसू. वृषालीने बाकाची पाठ धरली. तिनेच विचारायला लावलं होतं, उत्तर काय येणार हेही तिला माहीत होतं, तरी ते आत शिरलं. खाकी खांदा पडद्यातून नाहीसा झाला. न्यायाधीशांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. धापा टाकत सुलक्षणाताई दारात आल्या तेव्हा ते लघुलेखकाला सांगत होते. आज आरोपीचं म्हणणं नोंदवू नये. आजच्या आज सेल बसवून उद्या लेखी अहवाल द्यावा. पुढच्या तारखेला आरोपीला प्रत्यक्ष हजर करावं. गालावर सूज दिसते, तिची तपासणी व्हावी. नियमानुसार हा शब्द त्यांनी या वेळी वापरला नाही.

खिडकीतल्या माणसाने त्या संध्याकाळी कार्ड घेतलं, सेल मोजले, सही घेतली. "आधीच असा आदेश आणला असता तर," तो म्हणाला. 

पुढच्या मंगळवारी मुलाकतीच्या खोलीत ती वेळेआधीच जाऊन बसली. त्याला आणलं तेव्हा डाव्या कानामागे मशीन दिसत होतं. गालाची सूज पिवळी पडत आली होती. त्याने रिसीव्हर डाव्या कानाला लावला, जरा मागे, जरा पुढे असा सरकवून जागा शोधली. "बोल," तो म्हणाला. तिला बोलताच येईना.  त्याच्या डोळ्यांत घाबरेपण आलं. "अक्का? सेल गया का?"

"नाही, नाही. ऐकू येतंय का तुला?"

"येस ना. तू सर्दीमा बोलस." तो हसला, आणि हे हसू वेगळं होतं.

तिने सगळं सांगितलं, कोर्टातलं तेवढं सोडून. जामिनाचा नवा अर्ज शुक्रवारी ऐकणार आहेत, सुलक्षणाताई म्हणतात की आता जागा दाखवल्याचा कागद टिकणं कठीण आहे, आई बरी आहे. तो प्रत्येक वाक्याला उत्तर देत होता. मग तिने विचारलं. विचारू नको असं आई म्हणाली होती, पण ती मान तिला आणखी एक दिवसही बाळगायची नव्हती. "संघू, तू होतास का तिथे? त्या कोठारात?"

"नही," तो लगेच म्हणाला. मग नवल वाटून, "आतेच विचारस? पहिले काबरं नही विचारं?"

"फोन खराब होता," वृषाली म्हणाली. डोळे आता वाहायला लागले होते, आणि तिने वाहू दिले. हलकं वाटायला हवं होतं. वाटत होतंही. तिने पदराने तोंड पुसलं तेव्हा तो खाली बघत रिसीव्हरची वायर बोटाभोवती गुंडाळत होता.

"अक्का, आठे बराकमा रातले एक जण रडस."

"कोण?"

"झुलालबाबा. मन्हा शेजारेच झोपस. दोन महिना झायात, माले माहीतच नही. माले वाटे, आठे रातले बठ्ठं शांत शे." त्याने वायर सोडली. "त्याले जामीन भेटी गया, चार महिना झायात. हमी देवाले बाहेर कोणीच नही. रोज रडस. जोरमा नही, तोंडवर चादर लेस आनि रडस."

तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते चांगलं नव्हतं. तिच्याजवळ एकाच माणसापुरतं बळ होतं, तेही अजून शुक्रवारपर्यंत पुरवायचं होतं. ती खिडकी, ती दीड किलोमीटरची वाट, ते टेबलावर पडून राहणारे कागद, हे सगळं कुणा अनोळखी म्हाताऱ्यासाठी पुन्हा? ती म्हणाली, "झोपताना मशीन काढून ठेवत जा संघू. सेलही वाचेल."

"काढं काल," संघपाल म्हणाला. "काढं, बाजूले ठेवं. तरी ऐकू येस."

मागचा शिपाई घड्याळाकडे बघत पुढे आला. दोन मिनिटं उरली असतील. वृषालीने पर्समध्ये पेन शोधलं, मुलाकतीची पावती मांडीवर उलटी केली आणि रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबून धरला.

"पूर्ण नाव सांग त्यांचं," ती म्हणाली. "आणि गाव."